मोहाच्या पुढे

जागेश्वरने बॅगेतली सगळी खोकी पुन्हा जमिनीवर काढली आणि गावांच्या क्रमाने भरायला घेतली. दूरच्या गावाचं तळाशी, जवळच्या गावाचं वर. एका खोक्याचा कोपरा दबला होता. तो त्याने दोन्ही अंगठ्यांनी दाबून सरळ केला.

“काका, आतमंधी मशीनची मोटर आहे, लेकरू नाही,” विक्की म्हणाला. तो स्वतःची पार्सलं हाताला येतील तशी कोंबत होता.

देवरीत हायवेला लागून, टायरच्या दुकानामागे कंपनीने ही खोली भाड्याने घेतली होती. सकाळी गोंदियाहून माल उतरायचा आणि सात-आठ जण तो आपापल्या मोटारसायकलींवर लादून निघायचे. विक्की सत्तावीस वर्षांचा, कानात बाळी घालणारा, आणि इथला सगळ्यांत जुना माणूस. चव्वेचाळीस वर्षांचा जागेश्वर सगळ्यांत नवा. राईस मिल बंद पडली, तेव्हा त्याच्या हाताला पोती उचलण्याखेरीज दुसरं काम ठाऊक नव्हतं. ॲपवरचा अर्ज त्याच्या मुलीने, रुचीने भरून दिला. घराच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं करून तिने त्याचा फोटो काढला होता. “बाबा, हसू नका, ॲप घेत नाही,” असं ती सांगत होती आणि तो हसत होता. बऱ्याच खटपटीनंतर एक फोटो पास झाला.

त्याने ॲप उघडलं. ‘नमस्कार, जागेश्वर’ अशी अक्षरं आली. ती पूर्ण वाचूनच तो पुढे जाई. मिलमध्ये मुकादम हमालांना शिट्टी वाजवून बोलवायचा.

विक्कीचा मोबाईल शेजारच्या खोक्यावर पडला होता. त्यावर ‘नमस्कार, सुलोचनाबाई’ असं उमटलं.

“हे कोण गा?” जागेश्वरने विचारलं.

“माई.”

“आईचा फोन घेऊन आला का?”

“फोन माहाच आहे. कामावर माई आहे. मी फक्त गाडी चालवतो.”

पलीकडे पार्सलांवर चिकटपट्टी मारत बसलेला देवानंद हसला. तोही जुनाच होता. जागेश्वर त्याच्याकडे पाहून हसला.

“हसा, हसा,” इन्चार्ज स्वप्निल टेबलामागून म्हणाला. तो गोंदियाचा होता आणि अर्धं हिंदीतच बोलायचा. “जागेश्वर का परसेंट देखो. एक पार्सल वापस नाही. व्हॅन आली का सबसे पहले इसको. महिन्याचा पगार, डिझेल कंपनीचं.”

“व्हॅन कुठपर्यंत आली, सर?” देवानंदने विचारलं. “मी लागलो तेव्हा रायपूरवरून निघाली होती. पंक्चर झाली असन.”

व्हॅनचं जागेश्वरने घरी सांगून टाकलं होतं. बायको शामकलाने तिच्या माहेरीही कळवलं होतं.

मोटरच्या खोक्यावर पिपरटोल्याचा पत्ता होता. चिचगडच्या पुढे जंगलातला रस्ता, आणि रस्ता संपल्यावर पायवाटेसारखं काहीतरी.

“हे मोहाजवळून वापस करजा,” विक्की म्हणाला. “चिचगडच्या पुढं चढावर मोठा मोहा आहे. तिथंवर ॲप चालते. त्याच्या पुढं फोनवर बोलणं होते, पण ॲप चालत नाही. झाडाखाली थांबाचं, ‘घर बंद’ दाबाचं, वापस याचं.”

“पण घर बंद नसन तं?”

“काका, नका जाऊ मोहाच्या पुढं. सांगून राहिलो.”

“काऊन?”

विक्कीने किक मारली. “नका जाऊ म्हटलं ना,” असं म्हणत तो हायवेला लागला.

मोहाखाली पोहोचल्यावर जागेश्वरने गाडी स्टँडवर लावली. झाडाच्या बुंध्याशी गुटख्याच्या पुड्या आणि चिकटपट्टीचे तुकडे पडले होते. इथे बरेच जण थांबत असले पाहिजेत. त्याने पार्सलवरचा नंबर लावला.

“मंदाबाई का? मोटर आणली तुमची.”

पलीकडून एक बाई सावधपणे म्हणाली, “येता का खरंच?”

“खरंच येतो. तुमच्या फोनवर एक नंबर आला असन, तो सांगा मले. तिकडं आमचं मशीन चालत नाही, तं इथंच लिहून घेतो.”

तिने एकेक आकडा सुटा सुटा वाचला. जागेश्वरने तो ॲपमध्ये भरला. हिरवी खूण आली. डिलिव्हरी झाली, असं ॲपने सांगितलं. मग त्याने खोकं बॅगेत नीट ठेवलं आणि डिलिव्हरी करायला निघाला.

वाट वाईट होती. एका नाल्यात गाडी ढकलत न्यावी लागली. पिपरटोल्यात शिरताच लेकरं मागे लागली आणि त्यांनीच मंदाबाईचं घर दाखवलं. कुडाच्या भिंती, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, आणि दाराच्या जागी बांबूची ताटी. ताटी भिंतीला टेकवून बाजूला ठेवलेली होती.

पन्नाशीची बाई खोकं हातात घेऊन उभीच राहिली. ओसरीवर शिलाई मशीन होती, पायाने चालवायची. तिच्या एका पायाला बाक होता.

“दोनदा मागवली,” ती म्हणाली. “दोन्ही टायमाले ‘घर बंद’ म्हणून वापस गेली. मी इथंच बसून. मंग भाच्याले म्हटलं, विचार बरं त्या कंपनीले, माह्या घराले दारच नाही तं बंद कोणतं केलं?”

जागेश्वर खाली बघून हसला.

“लग्नाचे ब्लाऊज आले आहेत शिवाले. पायानं होत नाही आता.” तिने तांब्या पुढे केला. “पहिले एक पोरगा येत होता. मले मामी म्हणे. पाणी पेल्याबिगर जाये नाही. कानात बाळी होती त्याच्या. मंग का झालं कोणास ठाऊक, येणंच बंद केलं त्यानं. तुमी तरी येजा, भाऊ.”

“येईन ना,” तो म्हणाला. निघताना तिने कागदात बांधून चारोळ्या दिल्या. त्या रुचीने रात्री एकेक करून खाल्ल्या.

पुढे तो रिवाजच झाला. मोहापलीकडच्या टोल्यांची, लहान वस्त्यांची पार्सलं इतर जण त्याच्याकडे सरकवू लागले, आणि तो ती घेऊ लागला. झाडाखाली उभं राहून सगळ्यांना फोन, सगळ्यांचे नंबर, सगळ्या हिरव्या खुणा, मग जंगलात. कोणाचे चपलांचे जोड, कोणाची पुस्तकं, एका म्हाताऱ्याच्या कानात घालायच्या यंत्राचा डबा. धान कापून झालं होतं आणि रिकाम्या बांधांवरून वाट जवळची पडे. स्वप्निलने त्याच्या टक्क्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. देवानंदने त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. विक्कीने काहीच टाकलं नाही.

एकदा खोलीत दोघेच असताना जागेश्वर म्हणाला, “पिपरटोल्याची बाई तुझी आठवण काढत होती. मामी म्हणत होता म्हणे तू.”

विक्कीने चाकातली हवा अंगठ्याने दाबून पाहिली. मग पुन्हा दाबून पाहिली.

“मोटर चालते का तिची?”

“चालते.”

“चांगलं झालं,” तो म्हणाला आणि दुसऱ्या चाकाकडे वळला.

पौषात एका सकाळी जागेश्वरने ॲप उघडलं आणि नमस्कार आला नाही. पडद्यावर लाल पट्टी होती. संशयास्पद डिलिव्हरींमुळे त्याचं खातं कायमचं बंद करण्यात आलं होतं. तो ते पुन्हा पुन्हा वाचत राहिला. मग मोबाईल स्वप्निलपुढे धरला.

स्वप्निलने कॉम्प्युटरवर नकाशा उघडला. चिचगडच्या पुढे एका जागी लाल ठिपक्यांचा पुंजका होता, वारुळासारखा.

“ये देखो. सगळी डिलिव्हरी एकाच जागी. लोकांची घरं इथं, आणि तुझं ‘डिलिव्हर्ड’ तिथं, जंगलात. मशीनला वाटलं, माणूस झाडाखाली बसून माल खाऊन राहिला.”

“पण माल तं पोचला, सर. सगळ्यांले पोचला. मंदाबाईले फोन लावा. कोणालेही लावा.”

“मी लावून काय करू? वर कोणाला सांगू? वर आदमी नाही, मेल आहे. मेल टाकला की मेलच उत्तर देते.”

“मी तं घरापर्यंत जात होतो.”

“ते तुला माहीत, मला माहीत,” स्वप्निल म्हणाला. “मशीनला मोहाच दिसते.”

जागेश्वर बाहेर आला. विक्की गाडीवर पार्सलं बांधत होता. त्याने वर पाहिलं आणि त्याला समजलं असावं, कारण त्याने दोरीची गाठ सोडून पुन्हा मारली.

“तूही तं रोज झाडाखालीच दाबतो,” जागेश्वर म्हणाला. “तुले काऊन नाही पकडत?”

“मी ‘घर बंद’ दाबतो. वापस गेलेल्या मालाले कोणी विचारत नाही. पोचलेल्याले विचारते.”

“तुले माहीत होतं.”

“हाव.”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

“सांगतलं होतं. मोहाच्या पुढं नका जाऊ म्हणून.”

“कायले नका जाऊ, ते नाही सांगतलं.”

विक्कीने खिशातून मोबाईल काढला, ॲप उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं. ‘नमस्कार, सुलोचनाबाई.’

“मलेही कोणी सांगतलं नव्हतं,” तो म्हणाला. “माई रोज सकाळी उठते, पदर सारखा करते, मोबाईलले चेहरा दाखवते, अन् मंग चूल पेटवते. तिले वाटते हे असंच राहते सगळ्यांचं.” त्याने मोबाईल परत ठेवला. “एकदा बंद झालेलं नाव पुन्हा घेत नाही ते. तुमच्या घरी कोणाचं आधार मोबाईलले जोडलेलं आहे?”

जागेश्वरने स्वतःचा मोबाईल खिशात घातला. विक्कीने किक मारली आणि तो निघून गेला.

रुची तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. नवा अर्ज तिने स्वतःच्या नावाने भरला. पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहिली आणि केस मागे घेतले. या वेळी पहिलाच फोटो ॲपने घेतला. शामकला आत भाकरी थापत होती. ती बाहेर आली नाही.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा खोलीवर आला. कॉलेजला निघण्याआधी रुचीने मोबाईलसमोर चेहरा धरला होता. देवानंदने त्याच्यासाठी चहा मागवला आणि बसायला स्वतःची पेटी सरकवली. आजवर त्या पेटीवर दुसरं कोणी बसलेलं जागेश्वरने पाहिलं नव्हतं.

पार्सलं त्याने हाताला आली तशी भरली. चिचगडची वाटून झाल्यावर एक उरलं. हलकं होतं. वर लिहिलं होतं, शिलाईचे धागे, पिपरटोला.

मोहाखाली त्याने गाडी उभी केली. झाडाची पानं पिवळी पडू लागली होती. ॲप उघडलं. ‘नमस्कार, रुची.’ ते न वाचता पुढे जाता येत नव्हतं, कारण अक्षरं आपोआप निघून जाईपर्यंत पडदा हलत नसे.

फोन लावणं आवश्यक होतं. फोन न लावता ‘घर बंद’ दाबलं, तर ॲप घेत नाही, हे आता त्याला ठाऊक होतं.

“भाऊ, तुमी का?” मंदाबाईच्या मागे मोटरचा आवाज येत होता. मग तो थांबला. “या, या. घरीच आहो मी. नंबर सांगू का? लिहून घ्या.”

ती एकेक आकडा सुटा सुटा वाचत गेली. त्याने तिला मध्येच थांबवलं नाही. शेवटचा आकडा झाल्यावर ती म्हणाली, “चहा ठेवतो. ताटी उघडीच आहे.”

“बरं,” जागेश्वर म्हणाला.

त्याने फोन ठेवला आणि ‘घर बंद’ दाबलं.