सहाशे बारा अक्षरं आणि एक कुलूप

रुमालात बांधलेली मूठभर तूर.

खिडकीच्या उजेडात धरलेली काळी फिल्म.

पितळी कुलूप.

ए, टी, जी, जी, सी.

मित्रांनो, या चारही गोष्टी माझ्या आयुष्यातल्या आहेत. मी एक जुनी फ्लॉपी आहे. १९९३ साली रंजनाबाईंनी मला सुलतान बाजारातून आणलं. त्या तुरीवर संशोधन करत. मर रोग आला की शेजारची शेतं वाळायची, शेतकरी नामदेवरावांची तूर मात्र उभी राहायची. तिला ते बळ देणाऱ्या जनुकाची ए, टी, जी, सी ही अक्षरं काळ्या फिल्मवर पट्ट्यांच्या रूपात उमटली होती. मदतनीस शैला ती मोठ्याने वाचायची, रंजनाबाई टाइप करायच्या. मग खात्रीसाठी शेवटाकडून पुन्हा उलटी.

"ताई, डोळे नक्को म्हणतायत आता!"

"बाराच राहिलीत गं. वाच."

अशी सहाशे बारा अक्षरं माझ्यात भरली. मला टपालाने परदेशातल्या सार्वजनिक जनुक-भांडारात जायचं होतं. तिथली नोंद जगात कुणीही मागवावी, वाचावी, वापरावी. काय मिरवले मी!

पण विभागप्रमुख भगवंतरावांनी मला कपाटात टाकून कुलूप लावलं.

"बाई, बाजार खुला झालाय. उद्या कंपन्या दारात येतील. फुकट वाटायचे दिवस गेले."

बाजार खुला आणि मी कोंडलेली! हा कुठला न्याय?

एके दिवशी नामदेवराव आले. "साहेब, आमच्या तुरीचं काय लिहून काढलंय, दावा की."

"ते गोपनीय आहे."

"माझ्याच तुरीचं? मग बी मागाया आलता, तवाच कुलूप आणायचं हुतं."

रंजनाबाई मान खाली घालून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी कपाटातून मला पुन्हा ऐकू आलं: ए, टी, जी, जी... साहेबांनी मला कोंडलं, फिल्म मात्र टेबलावरच राहिल्या. त्यांनी आयुष्यात एक जरी फिल्म वाचली असती, तर तिच्यावरून अक्षरं पुन्हा उतरवता येतात हे त्यांना सुचलं असतं! नवी फ्लॉपी, माझी धाकटी बहीण, काचीगुड्याच्या पोस्टातून गेली. दोन महिन्यांनी नोंदीचा क्रमांक आला. नोंदीत बियाणं देणारे म्हणून नामदेवरावांचं नाव होतं.

साहेबांनी रंजनाबाईंची बढती तीन वर्षं अडवली. कंपन्या आल्याच नाहीत. कपाट उघडलं तेव्हा मला बुरशी लागली होती. माझ्यातलं एकही अक्षर वाचता येईना. माझ्या बहिणीने नेलेली सहाशे बारा मात्र आजही कुणीही मागवू शकतं.

मित्रांनो, तुम्हाला काही गवसलं तर माझ्यासारखं कुजवू नका. त्याच्या प्रती करा, चार हातांत द्या. कुलपाने मला जपलं नाही.

नामदेवरावांनी रुमालातली ती मूठभर तूर दिली, तेव्हा कुणी त्यांची सही घेतली नव्हती.