पंचाहत्तरीचा तांब्या

सिंधुबाईंचा नेम साधा होता. सकाळी अंघोळ झाली की कपालेश्वराला तांब्याभर पाणी घालायचं, मगच चहाचा घोट. पंचवटीत राहायला आल्यापासून हा नेम कधी चुकला नव्हता. दुसरा नेम चैत्रातला. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पतसंस्थेत जायचं आणि अपघात विम्याचा हप्ता भरायचा. फुलवाती विकून साठवलेले पैसे पदराच्या गाठीतून सोडायचे आणि पावती देव्हाऱ्यात ठेवायची. पहिल्या नेमाने देव पावेल, दुसऱ्याने पतसंस्था, असा त्यांचा भोळा हिशेब.

देवाचं देव जाणे, पतसंस्थेचं मात्र आषाढात कळलं. घाटावर शेवाळावरून पाय सटकला आणि उजवा हात मनगटात मोडला. तार घालावी लागली. दवाखान्याचं बिल भागवायला सिंधुबाईंनी हातातली एकुलती एक पाटली उतरवली आणि त्याच पतसंस्थेत तारण ठेवली. नवरा अंबडच्या कारखान्यात वॉचमन होता, त्याच्या पहिल्या बोनसची ती पाटली. तो गेला तरी ती हातातून उतरली नव्हती.

"विम्याचे पैसे आले की सोडवू, आत्या," सून ललिता म्हणाली.

पतसंस्थेचे अध्यक्ष वाल्मीकअण्णा यांनी प्लास्टरकडे पाहून च्च-च्च केलं. "फार वाईट झालं बघा, मावशी. पण विमा सत्तरीपर्यंतच असतो. तुम्ही तर शहात्तरच्या. नियमाने काही मिळत नाही."

"मग सत्तरीनंतर हप्ते कशाचे घेतले?"

"तुम्ही दिलेत, आम्ही घेतले. वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

हा आदर सिंधुबाईंना नवीन होता. "मग तेवढे तरी माघारी द्या, अण्णा. पाटली सुटंल माझी."

अण्णांनी मॅनेजर रविराजकडे पाहिलं, रविराजने नव्या कॉम्प्युटरकडे. "मिळतील की, आजी," तो म्हणाला. "फक्त सत्तरी उलटल्याचा दाखला आणा. जन्माचा, शाळेचा, कसलाही."

"चांदवडकडं रानात जन्मले बाबा मी. शाळेचं तोंड पाहिलं नाय. दाखला कोण देणार?"

"मग वय सिद्ध होत नाही."

"आत्ता तर अण्णा म्हणले, शहात्तर!"

"ते बोलण्यातलं, मावशी," अण्णा समजुतीने म्हणाले. "कागदावरचं वेगळं."

म्हणजे विमा मागायला सिंधुबाई म्हाताऱ्या आणि हप्ते मागायला तरुण. एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत जाताना बाईची इतकी वर्षं कमी होतात, हे नाशकात बाहेर फुटलं असतं तर पतसंस्थेपुढे रांग लागली असती.

"पाटलीची काळजी नको," रविराजने धीर दिला. "सोनेतारणाला वयाची अटच नाही. दिवाळीपर्यंत सोडवा म्हणजे झालं. नाहीतर लिलावात जाईल."

दोन हात जोडता येत नव्हते. सिंधुबाईंनी एका हाताने नमस्कार केला आणि घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी कपालेश्वराच्या पिंडीवर डाव्या हाताने पाणी घालताना त्यांचं लक्ष तांब्यावर गेलं. गेल्या वर्षी पतसंस्थेने ज्येष्ठ खातेदारांचा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ आणि नाव घातलेला हा तांब्याचा तांब्या. शाल विरली, श्रीफळाची चटणी झाली, तांब्या तेवढा उरला. त्यावर काय कोरलंय ते अण्णांनीच माइकवरून दोनदा वाचून दाखवलं होतं.

तो उचलून अण्णांच्या टेबलावर ठेवता आला असता. पण टेबलामागे बसलं की अण्णांचं तोंड कसं चालतं, ते सिंधुबाईंनी पाहिलं होतं. तांब्या घरी नेऊन त्या श्रावणाची वाट पाहू लागल्या.

श्रावणात पतसंस्थेत सत्यनारायण असायचा आणि पूजेची मांडणी दरवर्षी सिंधुबाईंकडे. यंदा त्यांनी ललिताला हाताशी घेतलं. चौरंग, केळीचे खुंट, गव्हाची रास सगळं जागच्या जागी. अण्णा पीतांबर नेसून सपत्नीक पाटावर बसले. मागे प्रसादाच्या शिऱ्याकडे डोळे लावलेले खातेदार दाटीवाटीने बसले. गुरुजींनी अण्णांच्या ओंजळीत संकल्पाचं पाणी घातलं आणि कलशाकडे पाहून थबकले.

"हा कलश संस्थेचा नाही वाटतं?"

"संस्थेचा गळतोय कुठून तरी," सिंधुबाई हळूच म्हणाल्या. "म्हणून माझा ठेवला. नाव घातलंय बघा त्याच्यावर. मला वाचता येत नाय, तुम्हीच वाचा."

गुरुजींनी चष्मा सारखा केला. आवाज मंत्र म्हणून म्हणून खणखणीत झालेला. "श्रीमती सिंधुबाई यांना वयाच्या पंचाहत्तरीनिमित्त पतसंस्थेतर्फे सप्रेम भेट. सन दोन हजार एक. अध्यक्ष, वाल्मीकअण्णा."

"अण्णा," सिंधुबाईंनी विचारलं, आवाज देवापुढे बोलतात तेवढाच, "आता वय सिद्ध झालं का हो? की हेबी बोलण्यातलंच?"

ओंजळीत संकल्पाचं पाणी घेऊन खोटं बोलायची सोय नव्हती. अण्णांच्या बोटांतून पाणी ठिबकू लागलं.

"कसलं वय? काय झालं?" मागून सुमनबाईंनी विचारलं. त्यांचीही सत्तरी उलटली होती आणि हप्ता त्याही भरत होत्या. ललिताने थोडक्यात सांगितलं. शिऱ्यावरचे डोळे अण्णांकडे वळले.

"सोमवारी बघू की, मावशी. पूजेत कशाला?"

"मी कुठं घाई करते? पण भांड्यावर नाव कशाला घालतात अण्णा? ज्याचं त्याला माघारी जावं म्हणूनच ना."

"व्याजासकट बरं का!" सुमनबाई ओरडल्या. "आमच्याकडून घेता तसं! आणि माझेबी काढून ठेवा!"

"यजमान, मुहूर्त टळतोय," गुरुजी म्हणाले.

"रविराज," अण्णा दातांतल्या दातांत म्हणाले, "मावशींचे हप्ते कर्जात वळते करा. पाटली आणा."

पाटली आली. ललिताने ती सासूच्या डाव्या हातात चढवली आणि मगच अण्णांच्या ओंजळीत नवं पाणी पडलं. त्या वर्षी शिऱ्यात साखर कमी पडली होती, असं फक्त अण्णांना वाटलं.

पुढच्या चैत्रात सिंधुबाई पतसंस्थेत गेल्या नाहीत, तर रविराजच दारात हजर.

"आजी, विम्याचा हप्ता राहिलाय. कॉम्प्युटर थकबाकी दाखवतोय तुमची."

"उन्हाचा आलास रे बाबा, आधी पाणी पी," म्हणत सिंधुबाईंनी तांब्या भरून आणला आणि नाव घातलेली बाजू त्याच्याकडे करून पुढे धरला.