कमी गुण मिळवण्याची कला

प्रत्येक ऑफिसात अंगात ताप घेऊन कामावर येणारा एक तरी सद्गृहस्थ असतो. नाक पुसत पुसत तो फायली हातावेगळ्या करतो. साहेब त्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना निष्ठा म्हणजे काय ते समजावतात, आणि पुढच्या आठवड्यात साहेबांसकट निम्मं ऑफिस अंथरुणाला खिळतं. दुखणं अंगावर काढणं हा आपल्याकडे सद्गुण समजला जातो, आणि तो आपण सगळ्यांनीच थोडाफार कमावलेला आहे.

फुटबॉलचा क्लब हेही एक ऑफिसच. फक्त फरशीच्या जागी गवत. अशा एका क्लबात खांब कामाला होता. खांब हे त्याचं टोपणनाव. बचावफळीत मधोमध उभं राहायचं आणि गोलच्या दिशेने हवेतून जे येईल ते डोक्याने परत पाठवायचं, ही त्याची नोकरी. सोळा वर्षं त्याने ती केली: आधी सात वर्षं इथे, मग सहा परदेशात आणि शेवटची तीन पुन्हा इथे.

परदेशातलं मैदान त्याला स्वप्नासारखं आठवे. धुकं एवढं की आपलाच गोलकीपर दिसायचा नाही. पांढऱ्यातून पांढरा चेंडू अलगद सुटून खाली यायचा, खांब उडी मारायचा, आणि हवेत असेपर्यंत तिथली भाषा येत नसल्याची लाज त्याला सोडून जायची. वरती बोलावं लागत नसे. खाली आलं की पुन्हा हातवारे.

तिथेच तो एक कला शिकला. हंगाम सुरू होण्याआधी क्लबचे डॉक्टर प्रत्येक खेळाडूची स्मरणशक्ती तपासत. दहा शब्द ऐकवायचे आणि पाच मिनिटांनी विचारायचे. किती आठवले ते लिहून ठेवायचं. पुढे कुणाच्या डोक्याला मार लागला की पुन्हा तीच परीक्षा. गुण आधीपेक्षा कमी आले की खेळाडू घरी. पहिल्या वर्षी खांबाने दहापैकी नऊ शब्द सांगितले आणि मोठ्या अभिमानाने बाहेर आला. तिथल्या म्हाताऱ्या गोलकीपरने कपाळावर हात मारला. (फुटबॉलमध्ये छत्तिसाव्या वर्षी म्हातारपण येतं.) "मूर्खा, एवढी हुशारी कशाला दाखवायची?" हे त्याने खुणांनी समजावलं. पुढच्या वर्षापासून खांब सहाच शब्द सांगू लागला. उरलेले तीन गिळायचे. शाळेत ज्याच्या गुणांपायी आईने अश्रू गाळले होते, तो माणूस आता कमी गुण मिळवण्याचा अभ्यास करत होता, आणि पहिल्यांदाच अभ्यासात पुढे होता.

परत आल्यावर ही विद्या त्याने स्वतःपुरती ठेवली नाही. इथल्या क्लबातही हीच परीक्षा होती. ड्रेसिंग रूममध्ये त्याने चक्क वर्ग घेतला. "सगळे विसरू नका रे, संशय येतो. तीन पुरे. आणि मधले विसरा, शेवटचे नाही." पोरं म्हणाली, खांबदादा परदेशात बरंच काही शिकून आले.

हंगामाचा शेवटचा सामना रविवारी होता, आणि खांबाच्या आयुष्यातलाही तो शेवटचाच. वडील येणार होते. त्यांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला नावाआधी सांगत.

बुधवारी सरावात खांब एका उंच चेंडूसाठी उडाला. समोरून दुसरा उडाला. दोन लाकडी पेट्या आपटाव्यात तसा आवाज झाला. खांब उठला, हसला आणि म्हणाला, "काही नाही."

त्यानंतर जग फार मऊ झालं. झाडांच्या कडा पुसट झाल्या. माणसं बोलायची, आणि त्यांचे शब्द पाण्याखालून आल्यासारखे थोड्या वेळाने पोचायचे. तसं बघितलं तर छान वाटत होतं. गुरुवारी सकाळी तो फ्रिज उघडून त्यातल्या दिव्याकडे बघत उभा राहिला.

"काय शोधतोयस?" बायकोने विचारलं.

"काही नाही. बघतोय."

"दहा मिनिटं झाली. दूध नासेल."

शुक्रवारी क्लबच्या डॉक्टरबाईंनी परीक्षा घेतली. आज गिळण्याचा प्रश्नच नव्हता, होते तेवढे सगळे शब्द हवे होते. खांबाने डोळे मिटले. ढग आला. ढगाखालून होडी आली, होडीत साबण. मग आरसा, दोरी, चमचा. पुढे नुसतं धुकं. त्यात काहीतरी उभं होतं, पण जवळ येईना. त्याने दात आवळले, मुठी आवळल्या. धुकं हललं नाही.

"सहा," डॉक्टरबाई कागद बघत म्हणाल्या. "नेहमीइतकेच. चक्कर, डोकेदुखी?"

"छे."

"मग खेळा."

पास झालेला माणूस आनंदाने बाहेर पडतो. खांब बाहेर पडला आणि पाय नेतील तिकडे गेला. पायांनी त्याला क्लबच्या धुलाईघरात नेलं. तिथे धुणाऱ्या मावशी गेली वीस वर्षं संघाचे कपडे धूत होत्या. मोठी यंत्रं गोल गोल फिरत होती, वाफेत निळे-पांढरे शर्ट तरंगत होते. खांब बाकावर बसला आणि बोलू लागला.

"मावशी, तिकडे धुकं एवढं असायचं की..."

"आपलाच गोलकीपर दिसायचा नाही," मावशींनी वाक्य पुरं केलं. "बसल्यापासून तिसऱ्यांदा सांगतोयस."

"तुम्हाला आवडतं ऐकायला."

"पहिल्यांदा आवडलं."

खांब हसला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "डॉक्टरबाईंनी पास केलंय मला. सहा शब्द."

"दहातले सहा, आणि पास?"

"माझे दरवर्षी सहाच असतात." मग त्याने ती कला मावशींना सांगितली. मावशींनी घडी घालता घालता हात थांबवले.

"म्हणजे आजही तीन लपवलेस?"

यंत्र एकदा इकडून तिकडे फिरलं.

"नाही," खांब म्हणाला. "आज खरंच सहाच आले."

मावशी त्याच्यासमोर उलट्या बादलीवर बसल्या. "मग ते तीन गेले कुठे?"

"माहीत नाही."

"आणि रविवारी पुन्हा त्याच डोक्याने चेंडू मारणार?"

"शेवटचा सामना आहे, मावशी. बाबा येणारेत. सगळे येणारेत."

"तुझा गुडघा गेला होता तेव्हा चार जणांनी उचलून नेलं तुला. गुडघा सुजतो, लोकांना दिसतो. डोक्याचं तसं नाही रे बाबा. आत काय मोडलंय ते ज्याचं त्यालाच कळतं. तोच खोटं बोलला तर त्या डॉक्टरणीने काय करायचं, कान लावून ऐकायचं?"

"सगळेच करतात हे."

"सगळ्यांना शिकवलं कोणी?"

मावशींनी हे रागाने म्हटलं नाही. डाग कुठे आहे ते दाखवावं तसं म्हटलं. खांबासमोर दोरीवर बावीस शर्ट टांगलेले होते. प्रत्येक शर्टाच्या वर एक डोकं असणार होतं, आणि त्या प्रत्येक डोक्याने खांबदादांच्या सांगण्यावरून तीन शब्द गिळलेले होते. उद्या त्यातलं एखादं आपटलं, तर कागद म्हणेल, नेहमीइतकेच. मग खेळा.

तो उठला. दरवाजा शोधायला त्याला जरा वेळ लागला. मावशी दंडाला धरून डॉक्टरबाईंच्या खोलीपर्यंत आल्या.

"बाई, माझे खरे गुण नऊ आहेत," खांब म्हणाला. सोळा वर्षांत एवढं अवघड वाक्य त्याने परक्या भाषेतही उच्चारलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी त्याचं नाव रविवारच्या यादीतून खोडलं आणि त्याला तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. शनिवारी त्यांनी अख्ख्या संघाची नव्याने परीक्षा घेतली. त्याआधी खांबाने पोरांपुढे उभं राहून सांगितलं की माझा वर्ग चुकीचा होता. एका दुपारीत सगळा संघ कमालीचा हुशार झाला. ज्याला सगळे ठोंब्या म्हणत, त्याला दहाच्या दहा शब्द आठवले, तेही क्रमाने.

रविवारी खांब प्रेक्षकांत वडिलांशेजारी बसला. खाली हिरवं मैदान ऊन पिऊन पडलं होतं. चेंडू सावकाश वर जात होता आणि त्याच्या जागी दुसरंच कुणीतरी उडी मारत होतं.

"डोक्याला लागलंय म्हणे," वडील मैदानाकडे बघत म्हणाले.

"हो."

"दुखतंय?"

'नाही' ओठांपर्यंत आलं होतं. खांबाने ते गिळलं. "दुखतंय, बाबा. खूप."

वडिलांचा पुत्र पहिल्यांदाच आपणहून रजेवर होता, आणि त्यावर काय बोलायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मध्यंतर झालं, लोक उठले, पुन्हा बसले.

"माझी पाठ," वडील हळूच म्हणाले. "बावीस वर्षं झाली."

खांबाने आपलं जाकीट गुंडाळून त्यांच्या पाठीमागे ठेवलं. ते थोडे मागे टेकले. घरात कुणी त्यांना कधी टेकलेलं पाहिलं नव्हतं.

तेव्हा मित्रहो, दुखणं लपवण्याला आपण शौर्य म्हणत आलो, ते मुळात खोटं बोलणं आहे. आणि हे खोटं एकट्यापुरतं राहत नाही. बाप ते मुलाला शिकवतो, मुलगा अख्ख्या संघाला. दुखत असेल तर दुखतंय म्हणा, आणि दुसरा म्हणत असेल तर त्याला भित्रा ठरवू नका. उद्या अंगात ताप असेल तर घरी राहा. आपल्यावाचून अडेल, ही समजूत गोड आहे, पण खरी नाही. तो सामनाही खांबाशिवाय व्यवस्थित पार पडला. एक-एक बरोबरीत सुटला.