सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं

समुपदेशक कमलाक्षीने खोलीतली हातांची एकुलती एक खुर्ची उचलली आणि सज्जात नेऊन ठेवली. जिना चढून आलेल्या बाबलींची नजर आधी त्या खुर्चीवरच गेली होती. आता आत उरल्या त्या चार सारख्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि बाबली त्यांच्यासमोर उभेच राहिले. तुयेच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. गावाच्या वतीने देवाला सांगायचं ते त्यांनी, आणि मागे उभ्या गावाने दर वाक्याला फक्त "व्हय महाराजा" म्हणायचं. अशा माणसाला पेडण्याच्या बाजारात, माडीवरच्या या समुपदेशनाच्या खोलीत, बिनहाताची खुर्ची!

शेवटी बसले. मुलगा कृष्णनाथ त्यांना खेटून बसला. सून सुलोचना भिंतीकडच्या खुर्चीवर. तीन महिने ती मुळगावला माहेरी होती आणि आजही तिथूनच बसने आली होती.

"तुमचें शिक्षण कितें, बाय?" बाबलींनी विचारलं.

"समाजकार्याची पदवी. चौदा वर्सां लोकांचीं भांडणां आयकतां."

"आनी लगीन?"

"जाल्लें. मोडलें."

"म्हणजे सोताचो संसार मोडून लोकांचे सांदतात!"

कृष्णनाथने मान खाली घातली. कमलाक्षीला मात्र हसू आलं. पदवीपेक्षा लग्नाचीच चौकशी आधी करणारेही तिने पाहिले होते.

"संसार खंय मोडता, तें माका बरें खबर आसा," ती म्हणाली.

पदवी भिंतीवर चौकटीत होती, पण खरं शिक्षण आमोण्याला झालं होतं. तिथे तिचे वडीलही गाऱ्हाणं घालत. ती बावीस वर्षांची असताना त्यांनी देवाला तिचं लग्न ठरल्याचं सांगितलं, आणि सगळ्यांबरोबर तीही "व्हय महाराजा" म्हणून मोकळी झाली. त्या दोन शब्दांतून बाहेर पडायला तिला सहा वर्षं लागली. म्हणून या खोलीत नियम एकच: ज्याचं त्याने बोलायचं. तो तिने तिघांनाही सांगितला.

"बोलपाचें उरलां कितें?" बाबली म्हणाले. "सुनेन काम सोडचें. देवाक हांवें उतर दिलां, वचन दिलां. देवाक दिल्लें उतर फिरना."

सुलोचना तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगला होती. यंदा तिला सुपरवायझर केलं, आणि महिन्याभरात सासऱ्यांनी जत्रेच्या गाऱ्हाण्यात जाहीर करून टाकलं की सून आता घर सांभाळणार. बायकांच्या रांगेत उभ्या सुलोचनाला ते तिथेच कळलं. गावाने "व्हय महाराजा" म्हटलं. ती दुसऱ्या दिवशी माहेरी गेली.

"तुका कितें जाय, सुलोचना?" तिला काय हवं ते कमलाक्षीने तिलाच विचारलं.

"तिका कितें जाय आसतलें!" बाबलींनी उत्तर दिलं. मग सवयीने त्यांचे हात जुळले, डोळे मिटले आणि आवाजाला देवळातला हेल चढला. "आमचें घर एक आसा..."

"व्हय," कृष्णनाथ म्हणाला.

नियम धाब्यावर बसवला गेला होता. कमलाक्षीने थांबवायला हात उचलला, पण सुलोचना उठून उभी राहताना दिसली आणि तो हात तिने खाली घेतला.

"सून आमची शाणी आसा. जालें-गेलें विसरून ती घरा येतली..."

"व्हय."

"कामाचो नाद सोडतली..."

"न्हय महाराजा."

सुलोचनानेही हात जोडले होते. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता.

"घरा येतां. काम हांव सोडिना."

बाबलींनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत मागून असा शब्द कधी आला नव्हता. कमलाक्षीला इतका आनंद झाला की तो दिसू नये म्हणून ती वहीत उगाच तारीख लिहीत बसली.

"सून आमची," बाबलींनी डोळे घट्ट मिटून पुन्हा सुरुवात केली, आता चढ्या आवाजात, "कामाचो नाद सोडतली..."

आणि ते थांबले, होकारासाठी.

कृष्णनाथने तोंड उघडलं. बायकोकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटलं.

बाबली हात जोडून वाट पाहत राहिले.