रबराच्या झाडाची डबल बेल

“आईला मी नेते, बाबांना दादा-वहिनी नेतील. दोघांची सोय एका घरात कुणाकडेच होत नाही,” माझ्या कपाळावरची पट्टी बघत लेक म्हणाली. माझ्यासमोर! घशाच्या ऑपरेशनात माझा आवाज गेला, तेव्हापासून लोक मला बहिरीसुद्धा समजतात.

उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली मी. “पुढे सरका” म्हटलं की अख्खी बस सरकायची. आणि आता “अहो, मी आले” एवढंही म्हणता येत नाही. ह्यांचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले. परवा मी भाजी घेऊन आले, हे खुर्चीत बसलेले. “कोण आहे?” मी काय बोलणार, कप्पाळ! खांद्याला हात लावला, तर ह्यांना वाटलं चोर शिरला. फिरवली की काठी! मग माझा चेहरा चाचपला, हाताला रक्त लागलं आणि लहान पोरासारखे रडले. काठीपेक्षा तेच मला जास्त लागलं.

“घंटी वाजवून बघितली का?” सुनेनं विचारलं.

“बघितली ना! दर खेपेला दचकायचो,” हे म्हणाले. “म्हटलं, हिच्या गळ्यातच बांधू, म्हणजे सारखी वाजत राहील. तर हिनं पाटी आपटली.”

‘मी काय गाय आहे?’ असं लिहिलं होतं मी त्या पाटीवर. ते शेजारणीनं ह्यांना वाचून दाखवलं, तेव्हा कुठे हसले.

सून प्रदर्शनांमध्ये आवाजाची यंत्रं बसवते. तिच्या कामातलं मला ओ की ठो कळत नाही. पुढच्या रविवारी ती एक डबी, दोन वायरी आणि छोटासा स्पीकर घेऊन हजर. दाराशी आमचं रबराचं झाड आहे. त्याच्या पानाला तिनं दोन चिकटपट्ट्या लावल्या, ऑपरेशनच्या वेळी माझ्या छातीला लावल्या होत्या अगदी तशा.

“झाडात बारीकशी वीज असते, ती सारखी वर-खाली होते. ही डबी त्या चढउतारांचे सूर करते,” ती म्हणाली. “सूर मी निवडून दिलेत. कुठला कधी वाजवायचा, ते झाडाच्या मर्जीवर.”

झाड वाजू लागलं. एक सूर, मग बऱ्याच वेळानं दुसरा.

“अगं, तुझ्या झाडाला झोप येतेय,” हे म्हणाले.

“आई, पानाला हात लावा बघू.”

मी लावला. सूर भराभर वर चढले. ह्यांनी मान वळवली, पण दचकले नाहीत. “कोण?”

मी हात काढला आणि पुन्हा टेकवला, दोनदा. ठरवून नाही हं, हाताची सवय. गाडी थांबवायची तर घंटीची दोरी एकदा ओढायची, सोडायची तर दोनदा.

“डबल बेल!” हे ओरडलेच. “अगं, तूच ना?”

मी पुन्हा दोनदा हात लावला आणि सुनेला मिठी मारली. हिचे उपकार कसे फेडू, काही सुचेना. पाटीसुद्धा हाताशी नव्हती.

लेकीला मात्र पटेना. “महिनाभर बघू. पुन्हा असं काही झालं, तर मी तुला घेऊनच जाणार.”

तो महिना आमचा मजेत गेला. घरात शिरले की आधी झाडाला हात. ह्यांचं लगेच “या कंडक्टरबाई!” झाड दिवसभर हळूहळू वाजायचं, चाल कधी तीच नसायची. रोज सकाळी मी ते पान ओल्या फडक्यानं पुसायचे आणि मनातल्या मनात त्याच्या पाया पडायचे.

मग एक दिवस लेक आली, न कळवता. हातात माझ्या कपड्यांसाठी रिकामी बॅग. मला तोंडावर बोट ठेवून गप्प बसवलं (कशाला कोण जाणे!) आणि स्वतःच पानाला दोनदा हात लावला. सूर चढले. माझा जीव टांगणीला.

हे जरा ऐकत राहिले. “ये बाळा. आई कुठाय?”

लेक चाट पडली. “कसं ओळखलंत?”

“माझी परीक्षा घ्यायला तुझ्याशिवाय कोण येणार? आणि तुझी आई अशी लागोपाठ दोन नाही देत. पहिली दिली की थांबते, पायरीवर कुणी राहिलंय का बघते, मग दुसरी. माझं दुकान घरापासून दोन गल्ल्यांवर असताना मी हिच्या बसनं उगाच का हिंडायचो, वाटलं तुला?”

मी थांबते, हे मलाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं ह्या माणसानं ते मनात जपून ठेवलं होतं. मला रडू आवरेना.

लेकीनं बॅगेची घडी घातली, चहा घेतला. जाताना माझ्या कपाळावरच्या खुणेवरून हात फिरवला. “निघू मी, बाबा?”

हे उठले, भिंत चाचपत झाडापर्यंत आले. पान सापडल्यावर त्याला एकदा हात लावला. सूर चढले आणि विरले. लेक पायरी उतरल्याचं ऐकू येईपर्यंत हे तसेच उभे राहिले, मग दुसऱ्यांदा लावला.