विओलेतांचा डबा

मित्रांनो, माझ्या अंगावरचा चुना नखाने खरवडलात तर खाली ऑलिव्हच्या फांदीचं हिरवं चित्र निघेल. मी एक जुना तेलाचा डबा आहे. ग्रीसमधल्या किथिरा बेटावरच्या मारूसोबाईंच्या पायरीवर माझं आयुष्य गेलं. तेल संपलं तसं बाईंनी माझ्या तळाला खिळ्याने भोकं पाडली. दुखलं, पण आमच्याकडे रिकामा डबा कोणी टाकत नाही. त्यात माती भरतात आणि ईस्टरआधी चुना फासून त्याला नवरदेवासारखा दारात उभा करतात.

बाईंचा मुलगा पानारेतोस याने उत्तरेच्या डोंगरातली बायको केली, पोलिक्सेनी. तिच्या माहेरी पावसाला तोटा नव्हता. आमच्याकडे अंगणाखालच्या टाक्यात हिवाळ्याचा पाऊस साठतो, तो सगळा उन्हाळा पुरवायचा.

गुड फ्रायडेला आमच्या देवळात ख्रिस्ताची पालखी फुलांनी मढवतात. घराघरातल्या बायका आपल्या अंगणातली फुलं नेतात. पहिल्या वर्षी पोलिक्सेनीने बोटीने मागवलेली फुलं नेली. बायकांनी ती पालखीच्या मागच्या पायाशी खोचली. घरी आल्यावर मारूसोबाई म्हणाल्या, “विकतची फुलं देवाला चालतात गं, शेजारणींना चालत नाहीत.”

पोलिक्सेनीला ते फार लागलं. पुढच्या वर्षी पालखीवर आपल्या हातचीच फुलं चढवायची, असं तिने मनाशी धरलं. मला बाईंकडून मागून घेतलं आणि माझ्यात विओलेतांचं बी पेरलं. लवंगेसारख्या वासाची ही जांभळी फुलं पालखीवर नेहमी असतात.

पण तिने पेरलं ते मे महिन्यात, माहेरी बर्फ वितळल्यावर पेरतात तसं. रोपं उगवली आणि जूनच्या उन्हात करपली.

“बी पेरलंस की भाजायला घातलंस?” बाईंनी खिडकीतून विचारलं.

हट्टाने तिने जुलैत पुन्हा पेरलं आणि बादल्यांनी पाणी घातलं. टाक्याचा तळ दिसू लागला तशी बाईंनी बादलीच उचलून ठेवली. सून विचारत नव्हती, सासू सांगत नव्हती. दोघी सारख्याच मानी. काहीच उगवलं नाही. पोलिक्सेनीने मला अंगणातल्या चुलीमागच्या भिंतीशी ढकलून दिलं. माझ्यावर कोळ्याने जाळं धरलं. माझं संपलं, असं मला वाटलं.

ऑक्टोबरात पहिला पाऊस पडला. आठवड्याने पुन्हा सर आली. वाळत घातलेले कपडे काढायला ती धावत आली आणि माझ्यापाशी थबकली. माझ्यात हिरवे ठिपके होते. जुलैचं बी मेलं नव्हतं, वाट पाहत होतं. कपडे तसेच भिजत ठेवून ती माझ्याशेजारी बसली आणि शेवटी तिने खिडकीतल्या बाईंना विचारलं.

“आई, इथे पावसाच्या तोंडावर पेरायचं असतं का?”

“आमच्या बागेची सकाळ आत्ता होते, पोरी,” बाई म्हणाल्या. “उन्हाळा ही तिची रात्र. झोपलेल्याला उठवून कोणी पाणी पाजतं का?”

मग पदर सावरावा तसा एप्रन खोचून त्या बाहेर आल्या आणि दाट उगवलेली रोपं विरळ कशी करायची ते दाखवू लागल्या. मी पुन्हा पायरीवर आलो. मार्चमध्ये समुद्राचा खारा वारा सुटला, तेव्हा सुनेच्या नकळत त्यांनीच मला आडोशाला सरकवलं. सुनेने ते खिडकीतून पाहिलं होतं.

एप्रिलमध्ये मी असा फुललो की पायरीवरून जाणारा माणूस मागे वळून वास घ्यायचा. गुड फ्रायडेच्या सकाळी पोलिक्सेनीने कात्री चालवली आणि ओंजळीत न मावणारी फुलं घेऊन देवळात गेली.

संध्याकाळी मिरवणूक आमच्या दारावरून आली. पालखीच्या अगदी शिरोभागी माझी जांभळी फुलं होती. शेजारीण कालिरोई बाईंना म्हणाली, “मानाच्या जागी यंदा कुणाची गं?”

“माझ्या सुनेची,” मारूसोबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “उशिरा विचारलं तिने, पण विचारलं. मी तर सांगितलंच नव्हतं.”

पोलिक्सेनीने मिरवणुकीची मेणबत्ती दुसऱ्या हातात घेतली आणि सासूचा हात धरला.

आता माझ्या कडांना गंज चढलाय, तरी दर वसंतात मी भरलेला असतो. मित्रांनो, तुमच्याकडे एखाद्या डब्यात काही उगवलं नाही, तर रागाने तो उपडा करू नका. मातीवर हात ठेवा, आणि त्या जागेचा पाऊस कधी येतो ते तिथल्या जुन्या माणसाला विचारा.