चौदा फूट वर

मी पंप बोलतोय, तळघरातनं. गोड बोलायला मला जमत नाही. घरघर करणं हा माझा स्वभाव, तेव्हा ऐकायचं तर तसंच ऐका.

माझा जन्म हुबळीच्या गोकुळ रोडवर, अप्पाजींच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चौऱ्याण्णव साली झाला. लेथवर लोखंड कापताना ते तापू नये म्हणून पाणी सोडावं लागतं, त्या कामासाठी मला घडवला. मोटर वर, पंखा खाली. म्हणजे डोकं कोरडं आणि पाय पाण्यात. तारिहाळच्या एका कारखान्याने मला मागवला होता. त्यांचा माणूस आला, मला उलटापालटा करून बघितलं आणि म्हणाला, हा फारच हडकुळा आहे. गेला निघून. माणसांचं असंच असतं. बैल घेताना दात बघतात आणि पंप घेताना पोट. तीन वर्षं मी फळीवर बसून होतो. अप्पाजी माझ्या डोक्यावर चहाची किटली ठेवायचे. पंपाचा याहून मोठा अपमान नाही.

आता तिकडे धारवाडला काय चाललं होतं ते सांगतो. मला हे सगळं मागाहून कळलं. पाइपातनं पाण्याबरोबर बोलणंही खाली येतं.

मथुराक्का ही निवृत्त मास्तरीण. जन्मभर मुलींना भूगोल शिकवला. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण भीती मोडेना. डॉक्टर म्हणायचा चाला, ही म्हणायची उद्या. बैठकीत खाट टाकलेली, तिच्यावर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तिचा मुलगा सुधींद्र वकील. त्याने खाटेसमोर चार फुटी काचेची टाकी मांडली आणि सहा सोनेरी मासे सोडले. दोन दिवसांत म्हातारीने कूस बदलली. माशांना शाळेतल्या जुन्या मुलींची नावं दिली. जो मासा हावरटासारखा खाई त्याला ती रागवायची. घरात परत हसणं ऐकू यायला लागलं.

पण मासे घाण करतात. पाणी गाळायचा सरंजाम, म्हणजे वाळू, स्पंज वगैरे, खाटेशेजारी ठेवला तर वास आणि आवाज. घर उतारावर, खाली ऐसपैस तळघर. सुधींद्रने तिथे दुसरी टाकी बसवली. वरचं जादा पाणी पाइपाने आपोआप खाली येणार आणि गाळलं जाणार. खाली यायला अक्कल लागत नाही, वर जायला लागते. तिथेच वकील फसला.

पहिला पंप त्याने हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातनं आणला. खोक्यावर छापलेलं, तासाला तीन हजार लिटर. बादलीत सोडला तर कमरेएवढं कारंजं उडालं. तळघरात लावला तर नुसतीच घुरघुर, वर थेंब नाही. अहो, तो खोक्यावरचा आकडा पाणी उंच न चढवता मोजलेला असतो. जसजसं वर जाल तसतसा तो आटत जातो. मग चिडून त्याने गच्चीवर पाणी चढवायचा दांडगा पंप आणला. त्याने एवढं पाणी वर फेकलं की खाली येणाऱ्या पाइपाला ते गिळवेना. टाकी ओसंडली आणि एक मासा फरशीवर येऊन तडफडायला लागला. मथुराक्का खाटेवरून हाका मारत राहिली. सून धावत आली, तिने वाटीने मासा उचलून आत टाकला. जगला तो. पण अक्का बोलली ती एवढंच.

"सुधी, दसऱ्यापर्यंत पाणी नीट फिरलं तर फिरलं. नाही तर मासे शाळेच्या हौदात सोडून ये. माझ्या डोळ्यांदेखत एक जरी मेला तर मी परत भिंतीकडे तोंड करीन."

तेव्हा कुठे वकील गोकुळ रोडला आला. आल्या आल्या लिटरचे आकडे घडाघडा म्हणून दाखवले. अप्पाजी दोन इयत्ता शिकलेले, बिडी ओढत ऐकत राहिले.

"लिटर असू दे बाजूला," ते म्हणाले. "येष्टु? वर किती फूट?"

वकिलाने बाकी सगळं मोजलं होतं. तेवढंच मोजायचं राहिलं होतं.

अप्पाजी स्वतः धारवाडला गेले. तळघरातल्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या काठापर्यंत सुतळी धरली. चौदा फूट भरले. पाइपाला वळणं तीन, त्यांचे तीन फूट वेगळे धरले. वरचं पाणी खाली किती वेगाने उतरतं तेही बघितलं. परत येऊन शेडमधल्या शिडीला पाइप बांधला, सतरा फुटांवर बादली टांगली आणि हातात घड्याळ घेऊन वर चढून बसले. खाली बादली भरणारे पंप शंभर मिळतात, वर भरणारा बघायचा, ही त्यांची रीत. तीन पंप लावले. एक दमला, एक उधळला, एक नुसताच ओरडला. मग किटली उचलून मला खाली घेतलं. वीस लिटरची बादली मी दीड मिनिटात भरली. ना कमी, ना जास्त.

"साकु," अप्पाजी शिडीवरून म्हणाले. पुरे. त्या एका शब्दाने माझी तीन वर्षं भरून निघाली. पितळ माशांना बाधतं म्हणून त्यांनी माझा पंखा काढून नायलॉनचा बसवला आणि अष्टमीला मला इथे आणून लावला.

पाणी वर चढलं. अक्काच्या कानाशी खळखळ नको म्हणून सुधींद्रने पाइपाचं तोंड टाकीच्या तळाशी सोडलं. त्या रात्री वीजही गेली नाही, हे एक नवलच.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी यंत्राला कामाला लावत नाहीत. लेथ बंद, रिक्षा धुऊन उभ्या, वकिलाचा टाइपरायटरसुद्धा गप्प. मला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं आणि सुधींद्रने मोठ्या भक्तीने माझं बटण बंद केलं. अप्पाजी मुद्दाम पूजेला आले होते. त्यांनी घंटा हातात घेतली.

मी थांबलो आणि पाणी उलटं फिरलं. ज्या पाइपाने वर गेलं होतं त्याच पाइपाने माझ्यातनं खाली यायला लागलं. तोंड तळाशी, मग काय, सगळी टाकी ओढून घेणार. मला कळत होतं, पण बंद पंपाचं कोण ऐकतं? खालची टाकी भरून वाहायला लागली. इकडे घंटा, आरती, कोहळा फोडायची गडबड. वर अक्का ओरडतेय, मासे टाकीच्या तळाशी दाटीवाटीने जमलेत, आणि कुणालाही ऐकू जात नाही.

खाटेपासून टाकीपर्यंत चार पावलं. चार महिन्यांत तिने आधाराशिवाय एकही टाकलं नव्हतं. त्या दिवशी चारही टाकली. कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि पाइपाचं तोंड उचलून बाहेर काढलं. सुर्र करून हवा आत शिरली आणि पाणी जागच्या जागी थांबलं.

पाय भिजल्यावर खालचे लोक वर धावले. बघतात तर अक्का उभी, हातात पाइप, लुगडं ओलंचिंब, आणि सहाच्या सहा मासे जिवंत.

"अक्का, तुम्ही उभ्या आहात," अप्पाजी म्हणाले.

"मग काय करू? मासे तुम्ही वाचवणार होता? घंटा वाजवून?"

अप्पाजी असे हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनीच पाइपाला, पाण्याच्या जरा खाली, काडेपेटीच्या काडीएवढं भोक पाडलं. तेव्हापासून मी थांबलो की पाणी बोटभर उतरतं, भोकातनं हवा शिरते आणि सगळं जागेवर राहतं. मासे हौदात गेले नाहीत.

पुढच्या खंडेनवमीला अक्का पहिल्यांदा तळघरात आली. बारा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर लेकाला दटावत होती, हात सोड म्हणून. वर्षभर मी तिला पाणी पोचवत होतो, पण तोंड कधी बघितलं नव्हतं. तिने चष्मा पुसला आणि मला नीट न्याहाळलं.

"एवढुसाच होय हा?"

दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी फ्यूज उडवला असता. तिने कुंकू लावलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "थांब रे घटकाभर. खूप चढलास." आणि आपल्या हाताने बटण बंद केलं.

आता दोन हजार सात चालू आहे. माझं बेअरिंग दोनदा बदललं. वरच्या माशांची नातवंडं पोहताहेत. मला निरोप देऊ नका, मी अजून चालतोय. पंप घ्यायला जाल तेव्हा मात्र खिशात सुतळी असू द्या, आणि हडकुळ्याला हसू नका.

आज परत खंडेनवमी. काठी पायऱ्यांवर वाजतेय. सातवी पायरी, आठवी. आता मी गप्प बसतो. ती येतेय.